अर्धी चिलीम

चिलीम ओढता ओढता मधेच उठावं लागलं तर ती झाडून टाकायची नाही, हे मला आज्यानं शिकवलं. मी स्वतः चिलीम कधी ओढली नाही, पण पेटवून दिली असेल हजारदा. आमच्या भोकरदन तालुक्यात, केळणेच्या काठच्या गावांत, म्हाताऱ्याच्या हाताखालचा नातू म्हणजे ईस्तू आणणारा पोरगा. आजा ओसरीतून हाक मारायचा, "जाय रे, चुलीतून ईस्तू आन." मग मी गोवरीच्या तुकड्यावर निखारा घ्यायचा, वाऱ्यानं विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा धरायचा आणि पळत यायचो. विस्तव हा शब्द मला शाळेत गेल्यावर पुस्तकात भेटला. तोवर ईस्तूच.

चिलीम ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आता अशी माणसं गावातसुद्धा पुष्कळ आहेत. कुंभारानं केलेली ती मातीची भाजलेली नळी. वर रुंद, खाली निमुळती. पोटात आधी एक खडा टाकायचा, म्हणजे तंबाखू तोंडात ओढली जात नाही. खडा गुळगुळीत आणि भोकाला बेताचा लागतो. फार घट्ट बसला तर दम येत नाही आणि सैल असला तर जळका चुरा थेट घशात. आजा नदीच्या वाळूत बसून खडे निवडायचा, सोनार मणी निवडतो तसे. खड्यावर तळहातात चोळलेली तंबाखू, ती दाबून नाही तर नुसती बसवून, आणि तिच्यावर निखारा. खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळायची. छापीनं धूर गार होतो आणि तोंडाला चटका बसत नाही. मग दोन्ही हातांची ओंजळ करून त्यातून दम ओढायचा. चांगला ओढणारा चिलमीला ओठ लावतच नाही. धूर हातातून घेतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

शेतकऱ्याला चिलीम सलग संपवायला मिळते थोडीच. मोटेचा नाडा तुटला, ढोर शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरलं, पाण्याची पाळी सुरू झाली, तलाठी आला. दोन दम होतात न होतात तोच उठावं लागतं. तेव्हा आजा चिलीम बांधाच्या दगडाला टेकवून उभी ठेवायचा. आडवी कधीच नाही. आडवी ठेवली की तळाशी जमलेला काळा रस वर तंबाखूत उतरतो आणि मग ती ओढण्याच्या लायकीची राहत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. परत आल्यावर वरची राख आणि मेलेला निखारा नखानं अलगद काढायचा. राखेखाली जळका थर असतो, त्याला हात लावायचा नाही. फक्त काडीनं मधोमध एक भोक पाडायचं, वारा जाण्यापुरतं. छापी सोडून पुन्हा भिजवायची, पिळायची, गुंडाळायची. नवा निखारा पहिल्यापेक्षा लहान घ्यायचा, कारण खाली आता तंबाखू कमी असते. मोठा ठेवला तर ती एका दमात जळून जाते. पहिले तीन-चार दम आखूड, नुसते चाखल्यासारखे. ते कडू लागतात. ते सोसायचे. त्यानंतर चिलीम ताळ्यावर येते.

"कडू लागती म्हून लोक झाडून टाकतेत," आजा म्हणायचा. "झाडनाराला तंबाखूचा भाव म्हाईत नस्तो." 

यात चिकटपणा होता हे खरं. तंबाखू विकत आणावी लागे. ज्वारी, तूर, मिरची घरची. पण मीठ, तंबाखू आणि राकेल बाजारातून. निजामाच्या राज्यात तर वऱ्हाडातून काही आणायचं म्हटलं की हद्दीवर करोडगिरीचा नाका आडवा यायचा. आमच्या गावापासून वऱ्हाडाची हद्द, म्हणजे बुलढाणा जिल्हा, एका दिवसाच्या चालीत. तिकडं इंग्रजांचा कलदार रुपया, इकडं हाली शिक्का. आजा म्हणे, हाली शिक्क्याची तंबाखूसुद्धा हलकी लागायची. हे त्याचं म्हणणं, मी त्याची खात्री देत नाही.

ही तंबाखू मुळात आपली नव्हेच. पोर्तुगीजांनी ती समुद्रापलीकडून आणली आणि दख्खनमधूनच ती उत्तरेला गेली. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेला होता. येताना त्यानं तंबाखू आणि जडावाची नळी नजराणा म्हणून आणली. ही गोष्ट १६०४-०५ च्या सुमाराची. बादशहानं दोन-चार दम घेतले आणि हकीम मधे पडला, असं त्यानंच लिहून ठेवलंय. पुढं १६१७ साली जहांगिरानं तंबाखूवर बंदीही घालून पाहिली. बंदीचं काय झालं ते आमच्या ओसरीवर दिसतच होतं. तीनशे वर्षांत ही परदेशी पाहुणी आमच्याकडं अशी रुजली की कुणाचं सांत्वन करायला गेलं तरी आधी तंबाखू पुढं यायची आणि शब्द मागून.

तंबाखूपेक्षा अवघड होता ईस्तू. आता खिशात काडीपेटी असते म्हणून हे कळत नाही. आज्याच्या लहानपणी काडीपेटी बाजारात मिळायची, पण रोज ओढायला ती परवडणारी नव्हती. अंबरनाथचा विमको कारखाना १९२३ सालच्या कंपनीचा. त्याची पेटी आमच्या गावच्या दुकानात आली तरी बायका काडी मोजून वापरत. घरात आग राखायची ती चुलीत, राखेखाली. रात्री आजी गोवरीचा मोठा निखारा राखेत पुरून ठेवी आणि पहाटे उकरून फुंकर घाली. कुणाच्या घरची आग विझली तर ती बाई शेजारणीकडं फुटकं खापर घेऊन यायची. शेतात मात्र चकमक. गारगोटीवर पोलादाचा तुकडा मारायचा आणि ठिणगी गावरान कापसाच्या जळक्या बोळ्यावर झेलायची. आज्याच्या चंचीत सुपारी, चुना, तंबाखू आणि चकमक असा सगळा संसार असे. पावसाळ्यात कापूस सर्दावला की चकमक नुसती दात खाई, आणि आजा तिला ज्या शिव्या देई त्या इथं लिहिता येत नाहीत.

सणासुदीला ईस्तू मागायला जायचं नाही आणि कुणी मागितला तर द्यायचा नाही, अशी रीत होती. घरची लक्ष्मी जाते म्हणे. शेगावच्या गजानन महाराजांची गोष्ट आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे. अक्षयतृतीयेच्या दिवशी त्यांच्या चिलमीला जानकीराम सोनारानं सणाचं कारण सांगून विस्तव नाकारला, आणि मग चिलीम विस्तवाशिवाय पेटली. दुसरी गोष्ट शिर्डीच्या साईबाबांची. धूपखेड्याचा चांद पाटील हरवलेली घोडी शोधत फिरत होता. झाडाखाली बसलेल्या फकिरानं त्याला चिलीम प्यायला बोलावलं. पण ईस्तू नव्हता आणि छापी भिजवायला पाणी नव्हतं. फकिरानं चिमटा जमिनीत खुपसून निखारा काढला आणि सटका आपटून पाणी. आजा या दोन्ही गोष्टी सांगायचा तेव्हा चमत्काराकडं त्याचं फारसं लक्ष नसे. "चिलीम हाये आन् ईस्तू नाही, हे दुख कसं आसतं ते देवमानसालाबी समजलं," असं तो म्हणायचा. 

(गांजाची चिलीम निराळी. ती गावात गोसाव्याकडं असायची, १९८५ च्या कायद्यानंतर तीही आडोशाला गेली. आमच्या घरात फक्त तंबाखू.)

आता नानांची गोष्ट. नाना आमचे सालगडी, म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत ठरलेल्या ज्वारीवर आणि थोड्या रोख पैशांवर कामाला. ते महारवाड्यात राहायचे. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी धर्मांतर केलं, त्यानंतर त्यांच्या वस्तीनं येसकरकी सोडली, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, पण गाव त्या वस्तीला महारवाडाच म्हणत राहिलं. नाना आणि आजा एका वयाचे, लहानपणापासून एका रानात राबलेले. आजा त्यांना एकेरी, नावानं हाक मारी. ते आज्याला 'पाटील' म्हणत, आणि आमच्याकडं पाटीलकी कधीच नव्हती. आम्ही पोरंसुद्धा 'नाना' म्हणून पुढं 'तू' म्हणायचो. आता लिहिताना मी 'ते' लिहितोय.

दोघांच्या चिलमी दोन. ईस्तू एक. निखारा आजा चिमट्यानं उचलून नानांच्या चिलमीवर वरून टाकायचा. हाताला हात लागत नसे. तंबाखूही तशीच, वरून ओंजळीत. वर सांगितलं ना, चिलीम ओठांना लागत नाही. मग तिला विटाळ कुठून होणार? हा प्रश्न मी एकदा आज्याला विचारला होता. मला वाटतं मी आठ-नऊ वर्षांचा असेन. तो म्हणाला, "तुला शाळेत हेच शिकवतेत का?" आणि मला बैलांना पाणी दाखवायला पिटाळलं.

तरी दोघांमध्ये काही होतं, आणि ते मालक-गड्यापुरतं नव्हतं. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांचा त्रास वाढला, तेव्हा आजा आजीला आणि लेकरांना घेऊन रातोरात हद्द ओलांडून वऱ्हाडात देऊळगाव राजाकडं नातलगांकडं गेला. आमच्या भागातली पुष्कळ घरं अशीच गेली होती. जाताना घर नानांच्या हवाली. त्यांनी चार महिने बैलं सांभाळली, पेरणी केली आणि ओसरीत झोपून घर राखलं. सप्टेंबरात भारतीय फौजा औरंगाबादेवरून जालन्याकडं आल्या, १७ तारखेला निजामानं शस्त्रं ठेवली आणि आजा आठवड्याभरात परतला. घरात पाऊल टाकताच त्याला दिवळीत आपली चिलीम दिसली, जाताना घाईत ठेवलेली, अर्धी भरलेली. नानांनी तिला हात लावला नव्हता. स्वतःची होती म्हणून नव्हे, आज्याची होती म्हणून. चार महिन्यांची ती तंबाखू आज्यानं तशीच पेटवली. "जहर लागली," तो सांगायचा, "पन आख्खी वढली." आणि निखारा आणला कुठून, तर नानांच्या चुलीतून, कारण आमची चूल चार महिने थंड होती. महारवाड्यातला ईस्तू आमच्या घरात आल्याची ही एकच नोंद. आजी ही गोष्ट सांगताना आवाज बारीक करायची.

मग १९७२. त्या दुष्काळाबद्दल लिहिणाऱ्यांनी खूप लिहिलंय, मी पुन्हा सगळं उगाळत नाही. पाऊस नाही, विहिरी कोरड्या, बैलं कवडीमोलानं गेली. सरकारनं कामं काढली: रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडणं. बागायतदार म्हणवणारे आणि त्यांचे गडी एकाच रांगेत डोक्याला पटकूर बांधून बसले. मजुरी खडीच्या मापावर, दुपारी लेकरांना सुकडी, रेशनवर लाल मिलो. मी दहा वर्षांचा होतो आणि सुकडीची चव मला आजही आवडते, हे सांगायला थोडी लाज वाटते. 

खडीवर एक दिवस आज्याची चिलीम फुटली. खिशातून पडली आणि वरून दगड घरंगळला. कुंभाराचं आवं त्या वर्षी पेटलंच नव्हतं. माती भिजवायला पाणी कुणाकडं होतं! दोन दिवस आज्यानं बिनचिलमीचे काढले. तिसऱ्या दिवशी नानांनी आपली चिलीम भरली, पेटवली, दोन दम घेतले, स्वतःची छापी सोडली आणि चिलीम आज्यापुढं धरली. बोलले काहीच नाहीत. आज्यानं चहूकडं पाहिलं. मग कंबरेचं फडकं फाडलं, घागरीतल्या पाण्यात बुडवलं, आपली छापी गुंडाळली आणि दम ओढला. रांगेतल्या पाच-पन्नास माणसांनी पाहिलं. कुणी काही म्हणालं नाही. ज्या वर्षी भाकरीच नाही त्या वर्षी चिलमीची पंचायत कोण करणार!

पाऊस आला, आवं पेटलं, राजूरच्या अंगारकीला चिलमीचे ढीग लागले. आज्यानं नवी घेतली. पण शेतात गेल्यावर तो ती काढायचा नाही. रानात नानांच्याच चिलमीवर दोघांचं भागायचं, छापी जिची तिची. गावात, ओसरीवर, पुन्हा दोन चिलमी. नाना ओसरीच्या खाली, आजा वर. हे असं पाच वर्षं चाललं. मी दोन्हीकडं ईस्तू पुरवत होतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. 

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात काय झालं ते सर्वांना माहीत आहे. दलित वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांचा खून झाला. परभणी-नांदेडकडं जास्त पेटलं, आमच्याकडं त्या मानानं कमी. तेव्हा जालना जिल्हा नव्हता, आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले. नानांचा मोठा मुलगा औरंगाबादला कॉलेजात होता आणि नामांतराच्या मोर्च्यात गेला होता. कुणीतरी ते गावात येऊन सांगितलं.

त्या दिवशी मी शेतात होतो. दहावीचं वर्ष, पण शाळा बंद होती. पावसानं उघडीप दिली होती, कापसात कोळपं चाललं होतं. दुपारी बैलं सोडून दोघं बाभळीखाली बसले. चिलीम पेटली. नानांचे दोन दम झाले, आज्याचे दोन-तीन झाले असतील, तेवढ्यात गावातून पोरगा आला. "आबा, पारावर बलावलंय. सगळे जमलेत." आज्यानं छापी सोडून खिशात घातली. चिलीम नानांच्या हातात दिली आणि म्हणाला, "धर. आलोच."

तो आला नाही. नाना बराच वेळ थांबले. चिलीम विझली. त्यांनी ती पुन्हा पेटवली नाही, झाडलीही नाही. दगडाला टेकवून उभी ठेवली होती, ती दिवस मावळायला उचलून धोतराच्या सोग्यात बांधली आणि घरी गेले. मी बैलं घेऊन मागं चाललो होतो. त्यांनी मला काही विचारलं नाही.

पारावर ठरलं ते असं: महारवाड्यातल्या कुणाला कामाला लावायचं नाही, दुकानदारानं माल द्यायचा नाही, गिरणीवाल्यानं दळण घ्यायचं नाही, त्या पोरानं गावापुढं येऊन माफी मागेपर्यंत. आजा बैठकीत होता. त्यानं ठरावाच्या बाजूनं तोंड उघडलं नाही, विरोधातही नाही. रात्री तो जेवला नाही. आजीनं विचारलं तर म्हणाला, "गावाच्या भाईर जाता येतं का?"

आमच्या गावात जाळपोळ झाली नाही. हे आम्ही लोक पुष्कळ वर्षं मोठ्या तोऱ्यात सांगत आलो. बहिष्कार महिना-सव्वा महिना चालला आणि संपला तोही कुणाच्या चांगुलपणानं नव्हे. मूग तोडणीला आला आणि रानात माणसं मिळेनात. आधी एकानं गुपचूप चार बायका बोलावल्या, मग दुसऱ्यानं. पोरानं माफी मागितली नाही. त्याच्याबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही.

नाना मात्र आमच्या शेतात परत आले नाहीत. पाडव्यापासून जुलैअखेरपर्यंतचं साल, त्याच्या हिशेबानं ज्वारी निघत होती. आजीनं एका रात्री पोतं माझ्या डोक्यावर दिलं आणि मागच्या वाटेनं पाठवलं. वर एक पायली जास्तीची घातली होती. नानांनी कंदिलाच्या उजेडात पायलीनं ज्वारी मोजली. हिशेबाची काढून घेतली, जास्तीची परत पोत्यात ओतली. म्हणाले, "ही आपली नाही बाबा. घेऊन जाय." अंधारात एक पायली ज्वारी घेऊन मी परत आलो. पोत्यापेक्षा तीच जड होती, असं काही मी म्हणणार नाही. पण ती आजीच्या हातात देताना मला कसंतरी झालं एवढं खरं.

त्या दिवसापासून आज्यानं विडी धरली. मला बरेच दिवस वाटत होतं की जग बदललं तसा तोही बदलला. विडी चिलमीपेक्षा सोयीची होतीच. खडा नको, छापी नको, पाणी नको. टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली, एका काडीत पेटणारी. मुख्य म्हणजे ती एकट्याची. ज्याची विडी त्याच्या तोंडात, कुणाबरोबर ओढायची हा प्रश्नच नाही. गावागावातून चिलीम विडीनंच हटवली. अर्धी राहिली तर विडीचं थोटूक कानावर अडकवायचं, पुन्हा पेटवताना काही रीत नाही की सबुरी नाही. पण आजा थोटूकसुद्धा ठेवत नसे. अर्धी विडी पायाखाली चिरडायचा. तंबाखूचा भाव माहीत असलेला माणूस हा! 

१ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. भोकरदन, जाफराबाद, अंबड, जालना हे औरंगाबादचे तालुके आणि परभणीचा परतूर. आमच्या पत्त्यातला जिल्हा बदलला, बाकी तेच. त्याच हिवाळ्यात नानांना दम्यानं धरलं. ते उठत नाहीत असं आजीला पाण्यावर कळलं. चार दिवस आजा काही बोलला नाही. पाचव्या दिवशी जेवणं झाल्यावर मला म्हणाला, "चल रं माह्यासंगं." मी सुट्टीला घरी आलो होतो. कंदील घेऊन पुढं झालो.

दारात उभं राहून काय म्हणावं हे त्याला सुचेना. एकेरी नावानं हाक मारणं त्याला जमलं नाही, 'नाना' तर तो कधी म्हणालाच नव्हता. शेवटी नुसतं "हाये का घरी?" म्हणाला. आतून खोकला आला आणि नाना म्हणाले, "या पाटील."

आजा आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात बसला. पाणी आलं. तो प्याला. बैलांचं बोलणं झालं, आमच्या पांढऱ्याच्या खुराला झालेल्या जखमेचं. हळद आणि तेल लावा म्हणाले नाना. तीन वर्षांपूर्वीच्या गोष्टीचं अक्षर कुणी काढलं नाही. मग नानांनी बायकोला खूण केली. तिनं भिंतीच्या कोनाड्यातून चिलीम काढून त्यांच्या हातात दिली. तीच. अजून अर्धी भरलेली.

आज्यानं हात पुढं केला. नानांनी चिलीम दिली नाही. कंदिलाजवळ धरून पाहिली, बोट आत घालून चुरा चोळला. "तीन वरसाची तंबाखू झाली ही. हिला ईस्तू धरनार नाही."

"अठ्ठेचाळीस साली धरला व्हता," आजा म्हणाला.

"ते चार महिने व्हते, पाटील."

त्यांनी ती उंबऱ्याच्या दगडावर दोनदा आपटली. राख, चुरा आणि खडा खाली पडला. खडा त्यांनी उचलून धोतराला पुसला, पुन्हा आत टाकला आणि नवी तंबाखू चोळली. बायकोनं चुलीतून निखारा आणला. नानांना दम ओढवेना, त्यांनी एकच ओढला आणि खोकत चिलीम आज्याकडं दिली. आज्यानं खिसे चाचपले. छापी आणली नव्हती. विडीवाल्याच्या खिशात छापी कशाला असेल? त्यानं नानांच्या छापीसकट ओढली.

"कडू लागती का?"

"लागती."

"लागंल. आत जुना कीट हाये."

त्या वेळी नानांचा मोठा मुलगा बाहेरून आला. तोवर तो शिक्षक झाला होता. दारात थांबला, दोघांकडं पाहिलं आणि काही न बोलता परत बाहेर गेला. मला वाटलं होतं की झालं, मिटलं. घरी येताना मी आज्याला तसं म्हणालोही. तो म्हणाला, "काय मिटलं?" आणि विडी पेटवली.

नाना त्याच उन्हाळ्यात गेले. आजा पाच वर्षांनी. त्यानंतर त्या घरी मी गेलो तो १९९४ च्या जानेवारीत. १४ तारखेला विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भोकरदनच्या स्टँडवर नानांचा मुलगा भेटला. आम्ही दोघंही आता मास्तर होतो, पगारवाढीवर बोलायला अडचण नव्हती. चहा झाला. तो बोलता बोलता सांगू लागला, त्या महिन्यात त्याची आई आणि बहीण दळण डोक्यावर घेऊन कितीकदा भोकरदनला आल्या ते. वाटेत ओढ्याला पूर होता ते. मी म्हणालो, "आज्यानं पारावर काही म्हटलं असतं, तरी गावानं ऐकलं नसतं."

"नसतं ऐकलं," तो म्हणाला. "पन म्हनायला पाहिजे व्हतं."

मी गप्प राहिलो. त्यानं चहाचे पैसे दिले, मला देऊ दिले नाहीत. मग त्याच्याबरोबर घरी गेलो. म्हातारी होती. तिला कमी दिसत होतं, आवाजावरून तिनं मला ओळखलं. चिलमीचं विचारलं तर म्हणाली, नातवांनी खेळता खेळता कधीच फोडली. खडा तेवढा आहे. तिनं कोनाड्यात चाचपून तो काढला आणि माझ्या हातावर ठेवला. एका अंगानं काळा, बोरापेक्षा लहान. मी पाहिला आणि तिला परत दिला.